मिस्त्रींच्या थापा आणि सकाळची गोळी

पैज लावा, यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही. एक बाई आपल्या नवऱ्याला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली, आणि तक्रार काय, तर हा माणूस हल्ली खरं बोलतो.

नवरा खोटं बोलतो म्हणून रडणाऱ्या बायका ढीगभर सापडतील. ही खरं बोलतो म्हणून रडत होती. आणि तिचं रडणं अगदी रास्त होतं, कारण नवरा म्हणजे लिफ्टचे मिस्त्री. शहरातल्या निम्म्या लिफ्टना त्यांचा हात लागलेला, आणि जितक्या लिफ्ट तितक्या थापा. एक लिफ्ट म्हणे शेवटच्या मजल्यावर थांबायची विसरली, थेट गच्चीवर गेली आणि कुंड्यांना पाणी घालून परत आली. दुसरी इतकी मऊ चालायची की तिच्यात झोपलेला एक गृहस्थ दोन दिवस वरखाली करत राहिला आणि जागा झाल्यावर पगार मागू लागला. भांडण झालेली दोन कुटुंबं तिसऱ्या लिफ्टमध्ये अडकली ती व्याही होऊनच बाहेर पडली. मिस्त्रींना साधं "जेवलात का?" विचारलं तरी उत्तराला तिखटमीठ लागल्याशिवाय ते तोंडाबाहेर पडत नसे.

अशा माणसाची ही गत.

"कधीपासून खरं बोलतात?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, तरी ही तक्रार त्यांनाही नवी असावी.

"महिना तरी झाला," बायको म्हणाली. ती घरी शिवणकाम करायची. तेव्हाही टाचणी टोचल्यासारखी बोटं चोळत होती. "परवा म्हटलं, एवढा उशीर का? तर म्हणाले, काम होतं. बस! काम होतं! अहो, पूर्वी पाच मिनिटं उशीर झाला तरी मला अर्धा तास ऐकावं लागायचं. कालची आमटी अळणी होती, मुद्दाम. चुपचाप खाल्ली. म्हटलं, कशी झालीय? तर म्हणाले, बरी आहे."

डॉक्टरीणबाईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री खुर्चीच्या कडेवर बसले होते. पायात एकच मोजा होता.

"सकाळी उठवत नाही," ते म्हणाले. "मोजा हातात घेतो. पायात घालायचा असतो हे आठवतं. कशाला, ते आठवत नाही."

"आणि जगणं नकोसं वाटतं का कधी?"

मिस्त्रींनी खरं बोलायचा सपाटाच लावला होता, तेव्हा तेही खरंच सांगितलं. "परवा काम करताना लिफ्टच्या खड्ड्यात खाली बघत होतो. आम्ही रोजच बघतो. परवा जरा जास्त वेळ बघितलं."

बायकोची बोटं चोळायची थांबली. हे तिला घरी कोणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि समोर बसवून दोघांना समजावलं. "रोज सकाळी एक. उद्याच गाणी म्हणायला लागाल असं समजू नका, चांगला फरक पडायला काही आठवडे लागतात. आधी पोट कुरकुर करेल, झोप विस्कटेल. फार त्रास झाला तर मला सांगा, स्वतःच्या मनाने कमीजास्त करू नका. एखाद्या दिवशी विसरलात तर दुसऱ्या दिवशी दोन खाऊन भरपाई करायची नाही. दारू बंद. गुडघ्याची गोळी असो, सर्दीची असो, नाहीतर शेजाऱ्याने आणून दिलेला काढा असो, पोटात घालण्याआधी मला विचारायचं. मी म्हणेपर्यंत खड्ड्यात उतरायचं नाही. आणि तो खाली बघायचा विचार परत आला, जास्त वाटायला लागला, तर वेळकाळ न बघता फोन करायचा. दोघांपैकी कोणीही."

"आणि बरं वाटलं की बंद?" बायकोने विचारलं.

"तिथेच सगळे फसतात. बरं वाटतं ते गोळी चालू असते म्हणून. बरं वाटल्यावरही काही महिने घ्यायची. सोडायची कधी ते मी सांगेन, आणि तेव्हाही एकदम नाही. पायरीपायरीने उतरायचं."

पायरीपायरीने! लिफ्टच्या मिस्त्रीच्या तोंडावर डॉक्टरीणबाई हे बोलल्या, आणि मिस्त्री त्यावर अवाक्षर बोलले नाहीत. आजार किती खोल गेला होता ते यावरून ओळखा.

मग गोळी सुरू झाली. खड्ड्यातली कामं मेव्हण्याने अंगावर घेतली. मेव्हणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, मिस्त्रींचा कामावरचा जोडीदार. बोलायला कमी, पण बारा वर्षं दाजींच्या थापा ऐकून कान तयार झालेला. रोज सकाळी तो स्कूटर घेऊन दाराशी यायचा, तेव्हा आत बहिणीचा प्रश्न चाललेला असायचा. "घेतली का?"

"घेतली," आतून मिस्त्री म्हणायचे, आणि तेवढंच. तेव्हा ते खरंच होतं, कारण गोळी बायको स्वतः तळहातावर ठेवायची आणि घोट जाईपर्यंत समोरून हलायची नाही.

पहिले काही दिवस मिस्त्रींना अन्नाचा वास नकोसा झाला, रात्री टक्क जागे राहिले. बायकोने फोन करून डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या म्हणाल्या हे होतं, काही खाऊन मग द्या, ओसरेल. ओसरलं. बाकी फरक शून्य. मेव्हणा म्हणाला, पैसे पाण्यात. बहीण म्हणाली, गप बस, आठवडे म्हणाल्यात त्या.

आणि एके दिवशी मिस्त्री न्हाणीघरातून बाहेर आले आणि टॉवेल खांद्यावर टाकत सहज म्हणाले, "आज कमाल झाली. आरशातला माणूस माझ्या आधी उठून, दाढी करून, मांडी घालून बसला होता. म्हणाला, किती उशीर!"

बायकोच्या हातून चहाचं गाळणं खाली पडलं. कानांवर विश्वास बसेना. तिने हाताच्या मागच्या बाजूने डोळे पुसले आणि आवाज शक्य तितका कडक करून म्हणाली, "मग चहा त्यालाच देते."

त्यानंतर बायकोचा पहारा उठला आणि थापांचा नळ सुटला. सकाळच्या "घेतली का?" ला आता रोज नवं पुराण.

"घेतली, पण खाली उतरेना. म्हणाली, मला आधी वरच्या मजल्यावर सोडा, तिथे अंधार आहे म्हणतात. म्हटलं, जा बाई, बटण दाब."

"घेतली. म्हणजे शेवटी घेतली. पेल्यातून उडी मारून पलंगाखाली पळाली होती. दोन पायांची गोळी मी पहिल्यांदाच बघितली."

"घेतली. आज ती एकटी नव्हती, पाहुणीला घेऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी एकच सांगितलीय म्हटल्यावर पाहुणी रुसून पाकिटात गेली."

मेव्हणा दारात स्कूटरला टेकून हे सगळं ऐकायचा आणि संपल्याशिवाय किक मारायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला खड्ड्यात उतरायची परवानगी दिली. गोळी मात्र चालूच, असं दोनदा बजावलं.

इथवर सगळं सुरळीत होतं. पुढे आडवी आली ती एक आठ मजली इमारत.

त्या इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले साहेब, नाकावर माशी बसू न देणारे. मिस्त्री महिन्याची देखभाल करायला गेले तर साहेबांनी त्यांना खालीच अडवलं.

"मिस्त्री, वर्षभरात ही लिफ्ट एकदा तरी बंद पडली का?"

"नाही साहेब."

"मग दर महिन्याला येऊन तुम्ही करता काय?"

"बंद पडू नये ते करतो!"

"चालतेय ना? मग चालू दे. बंद पडली की बोलावू. आजपासून यायचं नाही."

मिस्त्रींचा संताप काय वर्णावा! घरी येईपर्यंत ते स्कूटरच्या मागच्या सीटवरून मेव्हण्याच्या कानात ओरडत होते. "काय डोकं आहे! म्हणे चालतेय ना! अरे, चालतेय कोणामुळे? दाराच्या कुलपाचे पॉइंट कोण पुसतं? तुझा काका? एवढा शिकलेला माणूस, आणि एवढीशी गोष्ट कळू नये?"

"खरंय दाजी," मेव्हणा म्हणाला.

घरी येऊन मिस्त्रींनी नेलकटरसाठी खण उघडला. समोर गोळ्यांचं पाकीट. नव्वदीच्या म्हाताऱ्यासारखं रोज सकाळी गोळी, गोळी, गोळी. भूक लागतेय, झोप लागतेय, थापा सुचताहेत, जगात त्या सेक्रेटरीखेरीज कशाचा त्रास नाही.

"चालतंय ना?" मिस्त्री स्वतःशी म्हणाले. "मग चालू दे."

आणि पाकीट उचलून त्यांनी अवजारांच्या पेटीत, ग्रीसच्या डब्याखाली सरकवून दिलं. तुम्हाला हसायचं असेल तर हसून घ्या. मिस्त्रींना त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. ते अजून सेक्रेटरीच्या अकलेवर चडफडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने विचारलं, "घेतली का?"

"घेतली."

मेव्हणा दारात किकवर पाय ठेवून उभा राहिला. पुढचं काही येईल म्हणून वाट पाहिली. आलं नाही. साहेबांचा राग अजून डोक्यात असेल, म्हणून त्याने किक मारली.

दोनचार दिवसांत मिस्त्रींच्या डोक्यात भलतंच काहीतरी सुरू झालं. मान वळवली की आत ठिणगी उडायची, सैल स्विचमध्ये उडते तशी. चालताना जमीन पायाखाली दोन बोटं खाली सरकायची, मजल्याला नीट न लागलेल्या लिफ्टसारखी. रात्री वेडीवाकडी स्वप्नं. शर्टाचं बटण उशिरा लावून दिलं म्हणून बायकोवर खेकसले. "चक्कर येतेय, चष्म्याचा नंबर वाढलाय," ते म्हणाले, आणि तिने विश्वास ठेवला. थापा रोज थोड्या थोड्या पातळ होत चालल्या, आणि सकाळचं "घेतली" हे नुसतंच "घेतली" राहिलं.

अशात एका दुपारी फोन वाजला. आठ मजली इमारतीची लिफ्ट पाचव्या आणि सहाव्या मजल्यांच्या मध्ये अडकली होती. आत कोण, तर साक्षात सेक्रेटरी, भाजीच्या दोन पिशव्यांसह.

मेव्हण्याला वाटलं, आता दाजींना रान मोकळं. या एका प्रसंगावर ते वर्षभर जेवतील. पण मिस्त्री वाटभर गप्प. एका वळणावर त्यांनी मेव्हण्याचा खांदा असा काही आवळला की त्याने मान वळवून बघितलं. चेहरा पांढरा पडला होता.

मेव्हण्याने आधी वर जाऊन मेन स्विच बंद केला, मग सहाव्या मजल्यावर खाली येऊन किल्लीने दार उघडलं. वीतभर खाली लिफ्टचं छप्पर दिसत होतं. नेहमीची पद्धत ठरलेली: मिस्त्रींनी छपरावर उतरायचं, मेव्हण्याने वर मशीनपाशी जाऊन चाक हाताने फिरवायचं, एकाने हाक द्यायची, दुसऱ्याने ओ. एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात, दुसऱ्याचा कान पहिल्याच्या आवाजाकडे.

"मिस्त्री? आलात का हो मिस्त्री?" छपराखालून आवाज आला. सगळा ताठा भाजीसारखा सुकला होता. "देखभाल चालू करा! आजपासून करा! वर्षाची करा, दोन वर्षांची करा!"

मेव्हणा हसू दाबत दाजींकडे बघू लागला. आता येईल, आता येईल. साहेब, चालतेय ना, मग चालू दे, एवढं तरी म्हणतील.

"येतो," मिस्त्री म्हणाले.

आणि चौकटीला धरून ते वाकले. छपराकडे नाही, छपराच्या बाजूला जी फट राहते, जिथून खड्डा थेट तळापर्यंत दिसतो, तिकडे बघू लागले. मान वळताच त्यांचे डोळे मिटले, बोटं चौकटीवर पांढरी झाली. मग डोळे उघडले आणि पुन्हा तिकडेच. बघायला लागतो त्याहून जरा जास्त वेळ.

मेव्हणा पुढे सरकला.

"दाजी, सकाळची गोळी घेतली का?"

"घेतली."

मेव्हणा थांबला. पेल्यातून उडी, पलंगाखालचे दोन पाय, रुसलेली पाहुणी, काहीतरी यायला हवं होतं.

"पुढे?"

"पुढे काय? पाण्याबरोबर घेतली."

"कसली गोळी?" छपराखालून साहेबांनी विचारलं. "आणि मला कधी काढणार?"

मेव्हण्याने मिस्त्रींच्या हातातली टॉर्च काढून घेतली, त्यांना दंडाला धरून मागे ओढलं, दार सरकवून लावलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. साहेबांचा आवाज आत राहिला.

"तिथे पायरीवर बसा, दाजी. साहेबांना जागा आहे, हवा आहे, भाजी आहे. दुसऱ्या जोडीला बोलावतो, ते काढतील. आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावतो." मिस्त्री काही म्हणायला गेले, तशी त्याने खिशातून फोन काढून बोट उगारलं. "बारा वर्षं ऐकतोय मी तुम्हाला. आजारातले दिवस सोडले, तर खरं सांगताना तुम्ही इतकं सरळ एकदाही बोलला नाहीत. खोटं आहे हे, दाजी! साफ खोटं!"