चार तारांचा काढा

अख्ख्या घाटकोपरात नंदकुमारला घाम फोडू शकेल असा एकच माणूस होता, आणि तो नेमका त्याच्या पायाखाली राहायचा. अण्णा. सोसायटीचे सेक्रेटरी, गुडघ्यांचे रुग्ण, आणि तक्रार लेखी करण्यात पटाईत.

तक्रार होती नंदकुमारच्या बेस गिटारबद्दल. सत्त्याऐंशी साली त्या बिल्डिंगमध्ये बेस म्हणजे काय हेच मुळी कोणाला ठाऊक नव्हतं. खुद्द सुनंदाने, म्हणजे त्याच्या बायकोने, ती पहिल्यांदा पाहून विचारलं होतं, "अहो, उरलेल्या दोन तारा कधी बसवणार?" त्याने मढच्या हरेश्वर कोळ्याकडून ती जुनी घेतली होती. हरेश्वर मासेमारी सांभाळून लग्नाच्या हळदीच्या बँडमध्ये वाजवायचा. खाऱ्या वाऱ्याने गिटारची पार रया गेली होती, पण आपल्या पठ्ठ्याने विमा कचेरीतून आल्यावर रोज तासभर खपून तिला माणसांत आणलं. मानेतली सळई जराजराशी फिरवून वाकलेली मान सरळ केली. दाराचं उरलेलं पॉलिश मारलं. आवाज गोल यावा म्हणून भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा तारांखाली सारला. आता ती जुन्या रेडिओला जोडून असली झकास घुमायची, की सगळ्यात जाडी तार छेडली की खाली अण्णांच्या मांडणीवरची भांडी थरथरायची.

"रविवारी संध्याकाळी कमिटीची मीटिंग आहे," अण्णांनी चिठ्ठी पाठवली. "वाद्य बिल्डिंगबाहेर नेण्याचा ठराव मांडणार आहे." नंदकुमारने चिठ्ठी दोनदा वाचली. ठेवायची कुठे ती? कचेरीत? आणि सुनंदानेही आधीच हात वर केले होते. "मी काही अण्णांशी भांडणार नाही हां."

त्या रविवारी सकाळी सुनंदा मुलुंडला माहेरी गेली आणि नंदकुमारने तारा उतरवल्या. बोटांचा घाम आणि मळ खाऊन त्या पार बसल्या होत्या, नुसत्या बद्द वाजायच्या. नव्या मिळायच्या परदेशातून कोणी आणल्या तरच. पण हरेश्वरने एक युक्ती सांगितली होती. "नव्या कशाला रं? पाण्यान घाल, चांगली उकली काढ, पुसून परत चढव." म्हणून सुनंदाच्या नव्याकोऱ्या पातेल्यात त्याने चारही तारा उकळल्या. पाण्याला असा काही तपकिरी रंग आला की बघत राहावं. तारा टॉवेलात गुंडाळतोय तोच दारात अण्णा. ठराव तोंडी बजावायला जिना चढून स्वतः आले होते, कण्हत, कठड्याला धरून. दार उघडंच होतं, अण्णा सरळ स्वयंपाकघरात.

"काय रे उकळतोयस?"

आता पातेल्याची गोष्ट अण्णांच्या कानावर गेली की ती सुनंदाच्या कानावर जाणार, मग घरातही ठराव पास! नंदकुमारची जीभ घसरली. "काढा आहे, अण्णा."

"कशावर?"

समोर अण्णा दोन्ही हातांनी गुडघे चोळत उभे. दुसरं काय सुचणार? "गुडघ्यांवर," तो बोलून गेला. "मढच्या एका जाणत्या माणसाने सांगितलाय."

नको नको म्हणेपर्यंत अण्णांनी कप बुडवून तोंडालाही लावला होता. "शी! काय घाण चव आहे रे!" ते खूश होऊन म्हणाले. "म्हणजे अस्सल आहे."

अण्णा गेले आणि नंदकुमारची पाचावर धारण बसली. म्हातारा आडवा झाला तर? पोलीस, पंचनामा, पुरावा म्हणून पातेलं! दुपारपर्यंत तो जमिनीला कान लावून पडून होता. खाली चिडीचूप. शेवटी न राहवून तारा चढवल्या आणि जाडी तार जोरात छेडली. खालून भांडी खणखणली, पाठोपाठ अण्णांची सणसणीत शिवी आली. नंदकुमारचा जीव भांड्यात पडला. एवढी गोड शिवी त्याला आजवर कोणी दिली नव्हती.

संध्याकाळी मीटिंगमध्ये अण्णांनी ठराव गुंडाळला. "आज गुडघे हलके वाटतायत," ते कमिटीला म्हणाले. "नंदकुमार गुणी माणूस आहे. जरा वाजवलं तर वाजवू दे."

पुढचे तीन रविवार अण्णा थर्मास घेऊन हजर. नंदकुमार काही राक्षस नव्हता. तो गुपचूप सुंठ आणि ओवा उकळून द्यायचा. पण अण्णांचं तोंड दर रविवारी अधिकच वाकडं व्हायचं, आणि चौथ्या रविवारी तर ते जिन्यात दोनदा बसले.

"तू चालूपणा करतोयस," ते धापा टाकत म्हणाले. "पहिल्या दिवसाची सर नाही याला. आज तसाच काढा दे, नाहीतर ठराव परत मांडतो."

तारा तशाही पुन्हा मळल्या होत्या. पाच मिनिटांचं काम. उकळ, ओत, गिटार वाचली. नंदकुमारने गॅस पेटवलासुद्धा. मग त्याने अण्णांकडे पाहिलं. ते स्टुलावर बसून एक पाय हाताने उचलून दुसऱ्या स्टुलावर ठेवत होते, आणि कपाकडे लहान पोरासारखे आशेने बघत होते. त्याला स्वतःची लाज वाटली. त्याने गॅस बंद केला.

"अण्णा, तो काढा नव्हता. गिटारच्या तारा उकळल्या होत्या. हवं तर मांडा ठराव, आजच नेतो ती बाहेर. पण हाडांच्या डॉक्टरकडे चला. मी घेऊन जातो."

अण्णांनी कप बाजूला सरकवला.

"धुतल्या होत्यास?"

"नाही. धुवायलाच उकळल्या होत्या."

"म्हणजे तुझ्या बोटांचा मळ प्यालो मी."

"हो."

"अरे गाढवा!" अण्णा कळवळले. "मढचा काढा म्हणून मी अख्ख्या बिल्डिंगला सांगत सुटलोय! तो कमिटीतला अंबादास माझ्या शब्दावर थर्मास विकत घेऊन बसलाय!" त्यांनी दाराकडे बघत आवाज खाली आणला. "यातलं एक अक्षर बाहेर जाता कामा नये. तुला काय वाजवायचं ते वाजव."

"आणि डॉक्टर?"

"येईन. उद्या सुट्टी टाक."

नंदकुमारने आधाराला हात दिला. अण्णा उठले, गिटारपाशी येऊन थांबले, आणि चारही तारा चष्म्यातून निरखून पाहू लागले.

"ही जाडी आहे ना," ते हळूच म्हणाले, "गुण हिचाच असणार."