चुन्याची बोटं

तेजस्विनीने ओल्या फडक्याने दुसरी कुंडी पुसली आणि तिसरीच्या मातीत सवयीने बोट खुपसलं. माती ओली होती.

तिने पुन्हा खुपसून पाहिलं. आठ दिवसांपूर्वी तिने गच्चीवरच्या चाळीसही कुंड्यांचं पाणी तोडलं होतं. मक्याचे आठ वाण, प्रत्येकाच्या पाच कुंड्यांची एक ओळ. पाण्यावाचून कोणता किती तग धरतो, एवढंच बघायचं होतं. उद्या कॉलेजातून सलिल सर पाहणीला येणार, म्हणून ती सकाळीच कुंड्यांवरची पारव्यांची घाण काढायला बसली होती. बियाणं गावोगावहून मूठमूठ जमवलेलं. पुन्हा पेरायला दाणा शिल्लक नव्हता. प्रयोग गेला म्हणजे एमएस्सीचं वर्ष गेलं.

गच्चीच्या किल्ल्या दोनच होत्या. एक तिच्याकडे, दुसरी घरमालकीण मुक्ताबाईंकडे. वारज्यातली ही चार मजली इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती. त्या जिना चढून वर आल्या, तेव्हा तेजस्विनी कठड्याला टेकून रडत होती.

"मावशी, तुम्ही पाणी घातलंत?"

"घातलं की. पीक उपाशी ठिवून कोन बघत बसतंय?"

"थेंबही नको म्हणून सांगितलं होतं ना मी?"

"सांगितलं व्हतंस. पर मला न्हाय बघवलं. आन् समद्यांना कुठं घातलं? ज्याला पायजे त्यालाच."

तेजस्विनीने डोळे पुसले. "कुणाला पाहिजे, हे तुम्हाला कसं कळलं?"

एवढ्या शिकलेल्या मुलीने चूल कशी पेटवायची ते विचारावं, तसं मुक्ताबाईंनी तिच्याकडे पाहिलं.

"दुपारच्याला समदीच पानं गुंडाळत्यात, त्याचं काय न्हाय. पहाटं येऊन बघायचं. गारव्यात पान उलगडलं, तर अजून दम हाय. न्हाय उलगडलं, त्याला एक तांब्या. त्याच्या वर न्हाय."

"आणि कुठल्या कुंडीला किती तांबे, ते आता कोण सांगणार?"

"लिवलंय की." मुक्ताबाईंनी कुंड्यांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांकडे बोट केलं. "दर तांब्याला चुन्याचं एक बोट. एकाला दोनदा आन् दुसऱ्याला न्हाय, असं नगं व्हायला."

तेजस्विनीने हातातलं फडकं पाहिलं आणि हळूच खाली ठेवलं. मग ती ओळीओळीने फिरली. कुठे दोन बोटं, कुठे चार. सहाव्या ओळीत मात्र पाचही कुंड्या कोऱ्या होत्या. माती सुकून कडेपासून सुटली होती आणि पानं उघडी होती.

तिने सरांना फोन लावला आणि काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"चुना?"

"हो, सर."

"किती कुंड्या पुसल्यात?"

"दोन."

"तिसरी पुसू नका. आजच येतो."

मुक्ताबाईंनी कनवटीची डबी उघडली. "हिला तीन व्हती," म्हणत त्यांनी पहिल्या कुंडीवर तीन बोटं उमटवली, दुसरीवर दोन. मग त्या सहाव्या ओळीपुढे येऊन थांबल्या. एक पान त्यांनी दोन बोटांत धरून पाहिलं.

"आता घालू का गं हिला एक तांब्या?"

"नको, मावशी," तेजस्विनी म्हणाली. "पहाटे बघू. मला उठवा."