आईने जुळवलेला दात

माझ्या धाकट्या बहिणीला चष्म्याच्या दुकानाच्या मालकाने सांगितलं, "दात पिवळे दिसतात. पांढरे कर, नाहीतर काउंटर सोड आणि मागच्या खोलीत काचा घासायला बस." ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गिऱ्हाइकाशी तिच्याइतकं गोड बोलणारं दुसरं कोण आहे त्या मेल्याकडे?

पण बाईसाहेब लागल्या तयारीला. मी रंगाच्या दुकानात डबे कालवते, तिथलं छटांचं कार्ड तिने माझ्या पर्समधून लंपास केलं. आरशापुढे तोंड वासायचं, कार्ड दातांना लावायचं आणि ताळा करायचा. आधी सोडा आणि लिंबू. रंग होता तसाच, वर दात असे आंबले की साधं पाणी झोंबायला लागलं. मग कोळशाची पावडर. बेसिन काळं, हिरड्या लाल, दात जिथल्या तिथे. शेवटी औषधांच्या दुकानातल्या, दात पांढरे करायच्या चिकटपट्ट्या. त्यांनी मात्र दात खरंच दोन छटा उजळले, एक सोडून.

तो समोरचा. लहानपणी जिन्यात पडून तुटला होता, त्यावर कॅप आहे. कॅप कशानेच पांढरी होत नाही, हे आम्हा दोन शहाण्यांना कुठे ठाऊक? इतकी वर्षं कुणाला पत्ता नव्हता, आता ती हसली की आधी तोच दिसतो. हात दाखवून अवलक्षण! मालक म्हणाला, "हे तर आधीपेक्षा वाईट," आणि आज तिला मागे बसवलं.

मी पायात चपला सरकवल्या. "त्याचेच दात पाडते, मग बघू कुठल्या छटेचे होते ते!"

"ताई, बस गं." ती ओट्यापाशी कोरी कॉफी उकळत होती, काळीकुट्ट.

"मग नवी कॅप तरी बसव, पांढरी!" मी ओरडले.

"नाही. ही आईने बसवून घेतली. डॉक्टर दिव्याखाली रंग बघत होता, तर तिने मला दंडाला धरून खिडकीशी नेलं. म्हणाली, माझ्या पोरीचा रंग उन्हात जुळला पाहिजे."

मला आठवत होतं. आई जाऊन आता किती काळ झाला.

तिने कॉफी कपात ओतली आणि एक घोट तोंडात घोळवला. झोंबला, तसे डोळे मिटले. "अशीच कॉफी पिऊन पिऊन बाकीच्या दातांना परत आईच्या रंगावर आणते. आणि उद्याच मालकाला सांगते, काउंटर द्यायचं तर याच तोंडाला द्या, नाहीतर मी चालले."

राग काही उतरला नव्हता. तरी मी चपला काढल्या आणि तिचा कप पुन्हा काठोकाठ भरला.