मावशींचा जुना एक्स-रे

मित्रांनो, मी दवाखान्याच्या भिंतीवरची एक जुनी दिव्याची पेटी आहे. तुम्ही मला पाहिलं असेल, पण ओळखलं नसेल. पुढे दुधी काच, आत दोन ट्यूब आणि वर एक्स-रे अडकवायचे चिमटे, एवढाच माझा संसार. दिवा लावला की माणसाच्या बरगड्या माझ्या अंगावर दिसू लागतात. रूपाने मी यथातथाच. पत्र्याचे डबे करणाऱ्या एका कारागिराने उरलेल्या पत्र्यातून मला वाकवलं आणि पांढरा रंग फासून तो मोकळा झाला. पण नशीब चांगलं, म्हणून मी मोठ्या डॉक्टरांच्या हाती पडले.

मोठ्या डॉक्टरांची एक खोड होती. ते एकटा एक्स-रे कधी बघतच नसत. डावीकडे जुना, उजवीकडे नवा, असे दोन्ही लावायचे, खोलीतला दिवा बंद करायचे आणि चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला टेकेपर्यंत पुढे वाकायचे. कोणी नुसता नवा घेऊन आलं की म्हणायचे, "घरी जा, जुना शोधून आणा, मग बोलू." लोक कुरकुरत जायचे आणि गाद्या उचलून, कपाटं सरकवून शोधाशोध करायचे. मलाही तो म्हाताऱ्याचा हट्टच वाटे. पण एखाद्याच्या छातीतला डाग वीस वर्षं होता तसाच आहे, हे दोन्ही शेजारी लावल्यावरच कळायचं, आणि तो माणूस हसत घरी जायचा. दुसऱ्या कोणाचा डाग नवा निघायचा, त्याला त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात पाठवलं जायचं. तेव्हा माझा तोरा काही विचारू नका.

पुढे मोठे डॉक्टर थकले आणि त्यांची मुलगी त्यांच्या खुर्चीत बसली. तिला सगळे छोट्या डॉक्टर म्हणत. हुशार, हाताला गुण, कामाला वाघ. तिने संगणक आणला. एक्स-रे आता थेट त्याच्या पडद्यावर येऊ लागला, आणि त्यातला कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रोग्राम अर्ध्या मिनिटात सांगू लागला, डाग कुठे आहे आणि काळजी किती करायची. लाखो एक्स-रे बघून तो शिकला होता म्हणे. मी नाक मुरडलं, खोटं कशाला बोलू? पण एका बसचालकाच्या छातीतला तांदळाएवढा डाग त्याने पकडला. तो मोठ्या डॉक्टरांच्याही नजरेतून सुटला असता. तो माणूस बरा झाला आणि माझं मुरडलेलं नाक सरळ झालं.

भिंतीवर प्लगची जागा एकच होती. माझी पिन काढून तिथे संगणकाची लावली गेली. माझा स्टार्टरही बिघडला होता, तो कोणी बदलला नाही.

एक दिवस मावशी आल्या. गल्लीच्या टोकाला त्यांचं शिवणाचं दुकान. ब्लाउजपासून पडद्यांपर्यंत सगळं त्या शिवायच्या, आणि तोंडही मशीनसारखंच चालायचं. महिनाभर खोकला जात नव्हता. नवा एक्स-रे काढला. पडद्यावर अक्षरं आली: जुना व्रण असण्याची शक्यता जास्त, तातडी नाही.

मावशींनी पिशवीतून एक मोठं पिवळं पाकीट काढलं. पाच वर्षांपूर्वी स्टुलावरून पडल्या होत्या, बरगडी मोडली का हे बघायला तेव्हा काढलेला तो एक्स-रे. मोठ्या डॉक्टरांच्या धाकाने त्यांनी जपून ठेवला होता.

"हा जुना आणलाय. बघता का? तुमचे वडील लावून बघायचे."

बाहेर तीसेक माणसं ताटकळत होती. "राहू द्या मावशी, आता त्याची गरज पडत नाही," छोट्या डॉक्टर मायेनेच म्हणाल्या. "यात सगळं कळतं. जुना व्रण आहे, घाबरू नका. खोकल्याचं औषध देते."

मावशींचा जीव भांड्यात पडला. "मग हा राहू दे इथेच. घरी तरी अडगळच," असं म्हणून त्यांनी पाकीट माझ्याखालच्या कपाटावर ठेवलं. माझ्यापासून हातभर अंतरावर. त्यात काय आहे, ते मलाही माहीत नव्हतं. उजेड नसला की मीही आंधळीच.

आठ महिन्यांनी त्यांचा मुलगा त्यांना धरून घेऊन आला. मावशींना धाप लागली होती. या वेळी प्रोग्रामनेच सांगितलं, तातडी. छोट्या डॉक्टर उठल्या. पाकिटावरची धूळ झटकली, संगणकाची पिन काढून माझी लावली. मी किती वेळा तरी लुकलुकले आणि एकदाची लागले. पाच वर्षांपूर्वीची छाती स्वच्छ होती. तिथे डागच नव्हता, मग तो जुना व्रण कसा असेल? छोट्या डॉक्टरांनी मावशींना लगेच इस्पितळात पाठवलं, रोज फोन करून विचारलं. पण आजार फार पसरला होता. तीन महिन्यांत मावशी गेल्या.

नंतर मुलगा ते पाकीट न्यायला आला. त्याने आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "त्या दिवशी हा लावून बघायला किती वेळ लागला असता?"

सांगायला कारणं पुष्कळ होती. बाहेरची गर्दी होती, पडद्यावरची अक्षरं होती. छोट्या डॉक्टरांनी त्यातलं एकही पुढे केलं नाही. "एक मिनिट," त्या म्हणाल्या. तो पाकीट घेऊन गेला.

मित्रांनो, संगणकाला शिव्या देऊ नका. त्याला जेवढं दाखवलं, तेवढंच त्याने पाहिलं. त्याने लाखो माणसांचे एक्स-रे पाहिले होते, मावशींचा जुना तेवढा पाहिला नव्हता. उद्या तुमच्यातलं कोणी डॉक्टर होईल, कोणी असे प्रोग्राम लिहील, आणि ते माझ्यापेक्षा, मोठ्या डॉक्टरांपेक्षाही शहाणे असतील. असू देत. पण समोर कोणी आपलं पाकीट पुढे करून "बघता का?" म्हणालं, तर त्याला तेवढं एक मिनिट द्या. मावशींना ते मिळालं नाही.