चहापुरतं दूध

बद्रू लई गुणी पोर, असं पौडच्या बाजारात जो तो म्हणायचा. बसवाल तिथं बसायची. तिच्या आईला, मैमुनाला, मात्र ते कौतुक ऐकवत नसे. हीच पोर तीन वर्षांची असताना तोंडाचा असा पट्टा चालवायची, की बाप सिराज सायकलचं पंक्चर काढता काढता हात जोडायचा. मग एकदा तापात तिला झटका आला, पुण्याच्या डॉक्टरांनी रोजची गोळी लावली आणि पोरीचं बोलणंच आटलं. सदा पेंगुळलेली, भिंतीला टेकून. पण गोळी बंद करायची म्हटलं, की मैमुनाची पाचावर धारण बसे. झटका परत आला आणि पोर हातची गेली तर?

गावात नव्यानं आलेल्या नगरकर डॉक्टरीणबाईंनी बद्रूला तपासलं आणि गोळीची गरज दिसत नाही म्हणाल्या. परदेशात तापात झटका आलेल्या पुष्कळ मुलांवर शाळेत जाईपर्यंत लक्ष ठेवलं होतं. बहुतेक सगळी ठणठणीत निघाली, गोळी न घेतलेलीसुद्धा.

मैमुना काही हुरळून जाणारी बाई नव्हती. तिनं विचारलं, "त्यात माझ्या पोरीसारखी किती व्हती? हिचा झटका अर्धा तास चालला व्हता."

सवाल बिनतोड होता. पाव तासाच्या वर चाललेल्या झटक्याची गोष्ट निराळी, तिथं जपून राहावं लागतं, हे डॉक्टरीणबाईंनी सरळ कबूल केलं. मग त्यांनी विचारलं, अर्धा तास मोजला कुणी? आता कोण मोजतंय! पोर हातात तडफडत असताना घड्याळ कुणाला दिसतं? पुण्यात विचारलं तेव्हा मैमुनानं तोंडाला आलं ते सांगून टाकलं होतं, आणि पुढं सगळ्यांनी तेच खरं धरलं.

"वेळ सोडा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही काय करत होता?"

ते मैमुनाला लख्ख आठवत होतं. चहापुरतं दूध स्टोव्हवर चढवून ती वळली, तर बद्रूचे डोळे फिरलेले. आणि पोर सैल पडून रडली, तेव्हाच दूध उतू जाऊन स्टोव्ह विझला होता. करपलेल्या दुधाचा वास आला, की तिला अजून तेच दिसायचं.

डॉक्टरीणबाई उठल्या. दवाखान्यातला सुया उकळायचा स्टोव्ह पेटवला, शेजारच्या हॉटेलातून दूध आणवलं, मैमुनाला अंदाजानं तेवढंच ओतायला लावलं आणि मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. दोघी पातेल्याकडं बघत बसल्या. दूध वर आलं तेव्हा पाच मिनिटंही झाली नव्हती.

मैमुना पदरात तोंड घालून रडली. दोन वर्षं तो अर्धा तास तिच्या छातीवर बसला होता.

"झटका परत येणारच नाही असं मी म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, लांबला तर उचलून इकडं आणा. पण एवढ्याशा झटक्यानं पोर दगावत नाही."

गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची, हेही त्यांनी बजावलं. मग त्याच दुधाचा चहा झाला.

भातलावणीपर्यंत गोळी पुरती सुटली आणि पोरीची पेंग उतरू लागली. त्याच दिवसांत बद्रूला ताप चढला आणि झटका आलाच. सिराज जीप बघायला धावला. मैमुनानं पोरीला कुशीवर वळवलं आणि पाठीवर हात ठेवून बसून राहिली. सिराज जीप घेऊन आला तेव्हा बद्रू शांत झोपली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बद्रूनं अंथरुणातूनच सुरुवात केली. चहा कुठाय, अब्बा कुठं गेले, अब्बांच्या दुकानातली तिची सायकलची घंटी कुणी विकली. दुपारपर्यंत घर डोक्यावर घेतलं. सिराज वैतागून म्हणाला, "हिला जरा गप कर की."

"न्हाई करत," मैमुना म्हणाली. "बोलू दे तिला."