आयरिश पोलिसांचा इतिहास, मुक्काम बेला

मी आयर्लंडच्या पोलीस दलाचा इतिहासग्रंथ बोलतो आहे. माझा सध्याचा मुक्काम तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातील बेला या गावी, चंपाबाईंच्या घरी, शिवणयंत्राजवळच्या फळीवर आहे. पत्ता ऐकून हसू आले असेल तर अवश्य हसावे. प्रथम मलाही तो विचित्रच वाटला होता.

माझा जन्म डब्लिन शहरातील एका लहानशा छापखान्यात झाला. एका निवृत्त सार्जंटने सहा वर्षे गावोगाव हिंडून मला लिहिले. देश स्वतंत्र होताना उभे राहिलेले आणि बहुतांशी बंदुकीवाचून गस्त घालणारे ते दल. त्याची हकिगत माझ्या पहिल्या तीनशे पानांत आहे. शेवटच्या चाळीस पानांत कर्तव्य बजावताना मृत्युमुखी पडलेल्या पोलिसांची यादी आहे: नाव, गाव, वय, आणि मरण कसे आले ते. प्रत्येकास चार ओळी. सार्जंटने अधिकाऱ्याला पाचवी ओळ दिली नाही, की शिपायाची चौथी कापली नाही. अशी समदृष्टी मला आवडते.

हैदराबादेत शिकवणाऱ्या एका आयरिश ख्रिस्ती जोगिणीने मला इकडे आणले. तिचा भाऊ माझ्या यादीत होता. ती मला नेहमी त्याच पानावर उघडत असे, आणि मनात वाचत असे. पुढे पुढे कोणीही हाती घेतले तरी मी आपोआप तेथेच उघडू लागलो. ती गेल्यावर तिच्या पुस्तकांची पेटी फुटपाथवर विक्रीस आली, आणि तेथे मला नागसेन भेटले.

नागसेन म्हणजे बेल्याचे निवृत्त हेड कॉन्स्टेबल. मोतीबिंदू काढण्यासाठी ते हैदराबादेस आले होते. इंग्रजी त्यांना येत नाही; माझ्या मुखपृष्ठावरील शिपायाची टोपी पाहून त्यांनी मला उचलले, आणि गावी पोहोचताच शेजारच्या चंपाबाईंकडे नेले. चंपाबाई त्यांच्या दिवंगत सहकाऱ्याच्या पत्नी.

"काय भाऊ, डोळ्याचं आपरेशन करायले गेले अन् इंग्रजी पुस्तक घेऊन आले?" चंपाबाई शिवणयंत्रावरून म्हणाल्या. "डाक्टरनं डोळाच बदलून देला काय?"

"टोपी पाहून घेतलं, वयनी. आपल्याच खात्यातलं हाय."

चंपाबाईंची नात साक्षी शाळेत इंग्रजी शिकवते. तिने मला हाती घेतले आणि मी सवयीप्रमाणे जोगिणीच्या भावाच्या पानावर उघडलो. यादी कसली ते सांगून ती मराठी करून वाचू लागली. "वय एकोणतीस. घरी रजेवर असताना समुद्रकिनाऱ्यावर आरडाओरडा ऐकून पाण्यात उतरला. दोन मुलांना बाहेर काढले. तिसऱ्यासाठी गेला, तो परतला नाही."

"थांब, थांब," नागसेन म्हणाले. "काय म्हनलं? रजेवर?"

"हो आबा, रजेवर असताना."

"अन् तरी नाव यादीत हाय?"

"छापलंय ना इथं."

शिवणयंत्राचे चाक थांबले.  त्याचे कारण मला नंतर हळूहळू समजले.

एकतीस वर्षांपूर्वी चंपाबाईंचे यजमान देवाजी, पोलीस शिपाई, दोन दिवसांच्या रजेवर घरी आले होते. वर्दीचा सदरा खुंटीवर होता. गावाबाहेरच्या नाल्याला अकस्मात पूर आला आणि शेतातल्या निंदणाहून परतणाऱ्या बायांची बैलगाडी मधोमध उलटली. देवाजींनी चौघींना ओढून काढले. पाचवीसाठी ते पुन्हा उतरले, आणि दोघेही गेले. ठाण्याच्या डायरीत त्यांची रजा नागसेनांनीच आपल्या हाताने नोंदवली होती. ती नोंद खरी होती, म्हणूनच तिच्यावर काही उपाय नव्हता. दरवर्षी एकवीस ऑक्टोबरला, पोलीस स्मृतिदिनी, जिल्ह्याच्या परेड मैदानावर, कर्तव्यावर असताना गेलेल्या पोलिसांची नावे वाचतात. देवाजींचे नाव कधी वाचले गेले नाही. चंपाबाई दोन वर्षे मागच्या रांगेत बसून आल्या. तिसऱ्या वर्षापासून गेल्या नाहीत.

"मले दुसरं काही नोको," त्या म्हणाल्या. "एक खेप नाव ऐकाचं हाय. बस."

सरकारी कामकाज तेलुगूत, म्हणून साक्षीने ते पान तेलुगूत उतरवले, अर्ज लिहिला, आणि आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी निघालो. बरोबर आशाबाई होत्या. वाचलेल्या चौघींपैकी एक, शेजारच्या गावच्या. त्यांना साक्षीदार म्हणून घेतले होते.

पोलीस अधीक्षकांच्या कचेरीतील जुने कारकून केशवराव यांनी मला उलटसुलट करून पाहिले.

"हे आयर्लंड कोन्या मंडलात येते, नागसेन?"

"समुद्राच्या पल्याड येते, साहेब."

"मंग अर्ज तिकडंच द्या ना! तिथला कायदा इथं काऊन चालन?"

"कायदा नाही दाखवून राह्यलो, साहेब. रीत दाखवून राह्यलो."

केशवरावांनी चष्म्यावरून एकदा चंपाबाईंकडे पाहिले आणि निमूटपणे आम्हांस आत पाठवले.

पोलीस अधीक्षक एक तरुण बाई होत्या. त्या हिंदीत बोलत आणि साक्षी मराठी करून सांगे. त्यांनी माझे पान मूळ इंग्रजीतून दोनदा वाचले. मग त्या म्हणाल्या, की देवाजींचे धाडस थोर खरे, पण माणूस बुडताना पाहून कोणीही भला मनुष्य धावतो. रजेवरचा शिपाई तेथे पोलीस म्हणून गेला, असे कशावरून म्हणावे?

 माझ्या चार ओळींत या प्रश्नाचे उत्तर नव्हते. मी लाजलो.

तेव्हा आशाबाई खुर्चीवरून उठल्या. "बाई, म्या सांगू काय? आमी दुसऱ्या गावच्या. 'देवाजी' म्हनून आमी आवाज देल्लाच नाही, नावच मालूम नव्हतं. आंगात बनियन, पन खाली खाकी पँट दिसली. मंग आमी 'पोलीस, पोलीस' म्हनून बोंबललो. तो आला."

साक्षीने भाषांतरासाठी तोंड उघडले, तोच अधीक्षकबाईंनी हाताने थांबवले. त्यांना कळले होते. राज्याच्या यादीत भर घालणे आपल्या हाती नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. परंतु आपल्या मैदानावर कोणते नाव वाचावे, ते आपण ठरवू शकतो. त्यांनी कागद ओढला आणि चंपाबाईंना नावाचा उच्चार विचारला.

"देवाजी," चंपाबाई म्हणाल्या. "देवजी नोका म्हनू. देवाजी."

यंदाच्या एकवीस ऑक्टोबरला मी साक्षीच्या पिशवीत होतो, म्हणून काही दिसले नाही. ऐकले मात्र सारे. ध्वनिक्षेपकातून शेवटचे नाव आले, 'वा' दीर्घ आणि स्वच्छ. चंपाबाई हळूच "हव" म्हणाल्या. नागसेनांची सलामी उशिरा झाली असावी, कारण त्यांची टाच सर्वांच्या मागून वाजली.

घरी आल्यावर मला वाटले, आपले काम संपले. चंपाबाईंना तसे वाटले नाही.

"या पुस्तकातल्या लोकायचे नावं कोन वाचते व?"

"त्यांच्या देशात वाचत असतील, आजी."

"अन् इथं? वाच."

तेव्हापासून दर रविवारी साक्षी माझी दोन पाने मोठ्याने वाचते. आयरिश नावे लिहितात एक आणि उच्चारतात भलतेच. परवा एका नावाशी ती अडली. "तढग... तद्ग... टॅडग..."

"धड वाच, पोरी. त्याच्या मायनं तढग म्हनून बलावलं असन काय त्याले?"

साक्षीने मोबाईलला विचारले. मोबाईल म्हणाला, "टाइग." चंपाबाईंचा विश्वास बसला नाही. "मशीनले काय मालूम? तिथला मानूस पाह्यजे."

मी सुखात आहे. माझी धूळ रोज झटकली जाते. एक उणीव तेवढी आहे: मी अक्षरे बाळगतो, उच्चार मला ठाऊक नाहीत. तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कोणाला ते येत असतील आणि बेल्याकडे येणे झाले, तर चंपाबाईंचे घर कोणीही दाखवील. चहा मिळेल. नावे मात्र सावकाश सांगावी. बाई प्रत्येक नाव दोनदा म्हणून घेतात.