चाकूला लागला फणसाचा चीक

दिनानाथांचा चाकू दिनानाथांशिवाय कुणाच्या बापाला उघडत नाही, ही गोष्ट वाशीच्या त्या नव्या इमारतीत सगळ्यांनी मान्यच केली होती. घडीचा चाकू, त्यांच्या वडिलांचा. शिंगाची मूठ, बोटभर पातं आणि पात्यावर नख अडकवायला चंद्रकोरीसारखी खाच. दर रविवारी चहाच्या वेळी शेजारी गॅलरीत जमले की दिनानाथ तो मधोमध ठेवत आणि हात झाडून म्हणत, "जो उघडेल त्याचा!"

समोरच्या ब्लॉकमधले श्यामसुंदर नख मोडेपर्यंत झटायचे. चाकू ढिम्म. मग दिनानाथ मुठीची पाठ दाबत, अंगठ्याला एक बारीकसा झटका देत, आणि पातं कुरकुरत बाहेर येई. कैरी कापून झाली की पातं लेंग्याला पुसायचं, सांध्याला गोडेतेलाचा नैवेद्य दाखवायचा आणि तसंच मिटायचं.

"हत्यार जपावं लागतं," ते म्हणत. "बायकांचं काम नाही."

वैजयंतीला हे वाक्य त्या कैरीहून आंबट लागायचं. तो झटका बघून बघून तिला कधीच पाठ झाला होता. नवऱ्याची ऐट राहावी म्हणून ती आपली गप्प.

त्या शनिवारी दिनानाथ बेलापूरच्या ऑफिसात गेले, आणि श्यामसुंदरांची बायको जयमाला रत्नागिरीहून आलेली फणसाची कुयरी, म्हणजे भाजीचा कोवळा फणस, घेऊन दारात उभी राहिली.

"अगो, भाजी कर हो. चिरून देऊ?"

"तेवढं येतं की मला! आम्ही सातारची माणसं, ऊस दातानं सोलतो."

पण विळी गेली होती धारेला. वैजयंतीनं फळीवरच्या चाकूकडे पाहिलं. चाकूनंही तिच्याकडे पाहिलं असावं. पाठ दाबली, अंगठा दिला, पातं बाहेर. कुयरीच्या पोटात ते शिरलं मात्र, पांढरा चीक दुधासारखा पाझरू लागला. बोटं बोटांना चिकटली, पातं मुठीला चिकटलं. तिनं चाकू नळाखाली धरला, तर चीक आणखीच घट्ट झाला. आता चाकू धड उघडेना, धड मिटेना. चोच वासून बसलेल्या साळुंकीसारखा अर्ध्यावर अडून राहिला.

जयमालाला हाक मारली, तर ती हसून हसून भिंतीला टेकली. "अगो, आधी हाताला नि पात्याला खोबरेल लावायचं असतं! एवढंसुद्धा ठाऊक नाही होय तुम्हा घाटावरच्यांना?"

वैजयंती पाटावर बसली आणि साफसफाईला लागली. खोबरेल चोळलं तसा चीक दोऱ्या दोऱ्यांनी सुटून आला. काडीला चिंधी गुंडाळून रॉकेलात बुडवली आणि सांध्यात फिरवली. आतून निघालं ते काळं, चिकट, डांबरासारखं. वर्षानुवर्षांचं गोडेतेल, कैरीचा रस आणि लेंग्याची धूळ. हाताबरोबर तोंडही चालू होतं,

*चाकूबाई चाकूबाई, किती रुसावं माणसानं,*
*पोटी मळ साठविला, माझ्या हौशी राजसानं!*

गरम पाण्यानं धुतला, कोरडा पुसला, उन्हात ठेवला, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब दिला. मग नख लावलं मात्र, पातं लोण्यातून आल्यासारखं आलं. ना कुरकुर, ना झटका.

जयमालानं उघडून पाहिलं. उघडला. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"म्हणजे इतकी वर्षं तुझ्या ह्यांची ती ताकद..."

"मळाची होती," वैजयंती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून हसली. हसता हसता थबकली. उद्या रविवार. जो उघडेल त्याचा. सासऱ्यांचा चाकू, आणि पहिला हात नेहमी श्यामसुंदरांचा.

"मी कुणाला सांगायची नाही हो," जयमाला उठत म्हणाली. "पण आमच्याकडे आला तर परत द्यायची पण नाही!"

ती गेल्यावर वैजयंतीनं उरलेल्या कुयरीचा देठ सुईनं टोचला, चिकाचा थेंब काडीवर घेतला आणि सांध्यात सोडला. एकानं भागेल का? आणखी एक. मग मिटून ठेवून दिला.

रविवारी गॅलरीत श्यामसुंदरांनी नख लावलं. चाकू ढिम्म. वैजयंतीनं दारामागे सुस्कारा सोडला. दिनानाथांनी मिशीला हात लावून चाकू उचलला, पाठ दाबली, झटका दिला. पुन्हा दिला. कपाळावर घाम आला.

"काय दिनानाथराव, आज चाकूची सुट्टी का?" श्यामसुंदर म्हणाले.

"हवेचा परिणाम. खाडीवरचा वारा दमट असतो," दिनानाथ पुटपुटले. कान लालबुंद झाले होते. चिकाचा तो दुसरा थेंब जरा जास्तच झाला, हे वैजयंतीच्या ध्यानात आलं.

तिनं हाताला खोबरेल चोळलं आणि बाहेर आली. "बघू."

"तुझ्यानं काय व्हायचंय!"

तिनं चाकू चहाच्या गरम कपाला टेकवून धरला, सांध्यावर बोट फिरवत राहिली आणि उगाच गप्पा मारल्या, उन्हाळ्याच्या, पापडांच्या. मग नख लावलं. पातं अलगद बाहेर आलं.

मग श्यामसुंदरांनी टाळी वाजवली. "वहिनी, चाकू तुमचा! शब्द म्हणजे शब्द. काय दिनानाथराव?"

दिनानाथांनी नाइलाजानं मान डोलावली. त्यांचे पाहुणे, त्यांचीच अट.

मंडळी गेली. दिनानाथ पायानं फरशी उकरत बसले होते. "वैजू, बाबांचा चाकू होता गं तो."

"ठाऊक आहे. म्हणून तर श्यामरावांच्या हाती जाऊ दिला नाही."

"म्हणजे?" त्यांनी मान वर केली. "त्यांच्या हाती कसा जाणार होता? तू काय केलंस...?"

वैजयंतीनं कैरीची सगळ्यात आंबट फोड तिखटमिठात घोळवली आणि त्यांच्या उघड्या तोंडात कोंबली. दिनानाथांचे दोन्ही डोळे गच्च मिटले, आणि ते उघडेपर्यंत ती चाकू घेऊन आत गेलीसुद्धा होती.